लेकराचे ‘हो’ आणि थोरांची जबाबदारी

(शब्बाथ शाळेचे शिक्षक, पालक व पंच मंडळी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचन : २ शमुवेल १३:१–२२, मत्तय १८:१–१४, नीतिसूत्रे ३१:८, ९.

उद्देश : अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या संरक्षणाचे कायदे कसे आले व ते आपल्याकडून काय मागतात हे समजून घेणे; आणि मंडळीत असा प्रसंग उद्भवल्यास काय करावे हे आधीच ठरवून ठेवणे.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मंडळीत पाहुणे म्हणून गेलो होतो. उपासना आटोपल्यावर शब्बाथ शाळेच्या एक शिक्षिका आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माझ्या वर्गात एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची. आमच्या गायनवर्गाला शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडे ती जाते-येते. ते तिशीच्या घरातले. तिनं मला जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडाली. पंचांच्या कानावर घातलं, तर ते म्हणतात, मुलगीच हो म्हणते, घरची माणसंही तयार आहेत, अठरा पुरी झाली की लग्न लावून देऊ, तोवर गवगवा नको. आता तुम्हीच सांगा, तिनंच हो म्हटलं असेल तर आपण काय करायचं?”

आम्हांला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. “प्रार्थना करा आणि पंचांशी पुन्हा एकदा बोला,” एवढे सांगून आम्ही आमची गाडी गाठली. घरी पोहोचेपर्यंत ते उत्तर मनाला टोचू लागले. त्या बाईंना त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते आज या पाठात मांडत आहोत.

१. दहापासून अठरापर्यंत

मुलीने ‘हो’ म्हटले तर ते कायद्याने कोणत्या वयापासून मानावे, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली, तेव्हा ते वय दहा वर्षे ठरले. दहा वर्षे पुरी झालेली मुलगी पत्नी असेल, तर नवऱ्याने तिच्यावर केलेली जबरदस्ती बलात्कार या सदरात येत नसे.

१८८४ साली मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून या प्रश्नाला तोंड फोडले. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. नवऱ्याने नांदायला येण्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. आपल्या संमतीवाचून लहानपणी झालेले लग्न आपल्यावर लादता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु फेरसुनावणीनंतर १८८७ साली, नवऱ्याकडे जावे नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली.

१८९० साली कलकत्त्याच्या हायकोर्टापुढे आलेल्या खटल्याने तर सगळा देश हादरला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मरण पावली होती. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, चांगला प्रौढ. पण मुलीला दहा वर्षे पुरी झाली होती, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा आरोप टिकेना. गंभीर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यांत पाहिलेल्या अशाच लहान मुलींच्या हकिकती सरकारपुढे मांडल्या.

९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी कायदेमंडळात संमतिवयाचे बिल मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते मंजूर झाले. संमतीचे वय दहाचे बारा झाले. दोन वर्षांची ही वाढ. पण तिच्यावरून पुण्यात व मुंबईत केवढा वाद झाला! लोकमान्य टिळकांनी बिलाला विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकरांनी ‘सुधारका’तून बिलाची बाजू घेतली. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून कायदा धर्माच्या आड येत नाही असे दाखवले.

याच काळात पंडिता रमाबाई, ज्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला होता, त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले आणि नंतर केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. कायद्याने मुलीला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क दिला तरी ‘नाही’ म्हटल्यावर तिने जायचे कुठे, खायचे काय, शिकायचे कुठे? रमाबाईंचे काम म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होते. मंडळीने कायदा व आसरा या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा, हा धडा आपल्याला त्यांच्याकडून मिळतो.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९०४ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला व लग्नाचे वय मुलीला बारा, मुलाला सोळा ठरवले. १९२५ साली विवाहाबाहेर संमतीचे वय चौदा झाले. १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या कायद्याने सर्व धर्मांच्या लोकांसाठी मुलीच्या लग्नाचे वय चौदा व मुलाचे अठरा ठरले. १९४९ साली संमतीचे वय सोळा झाले. १९७८ साली लग्नाचे वय मुलीला अठरा व मुलाला एकवीस असे ठरले. २०१२ च्या कायद्याने, व २०१३ मध्ये दंडसंहितेत झालेल्या दुरुस्तीने, संमतीचे वय अठरा झाले. तरीही एक फट उरली होती : पंधरा ते अठरा वर्षांची मुलगी पत्नी असेल तर तिला हे संरक्षण नव्हते. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फट बुजवली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच लिहिले आहे.

दहापासून अठरापर्यंत यायला दीडशे वर्षे लागली.

२. आपल्या घराकडे पाहू

हा सगळा इतिहास वाचून काही ख्रिस्ती बांधव म्हणतील, “तो दुसऱ्यांच्या रूढींचा प्रश्न, आपल्यात असे नव्हते.” असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या इंग्लंडात १८८५ पर्यंत संमतीचे वय तेराच होते. गरिबांच्या मुली तेथे विकत घेतल्या जात होत्या. जोसेफिन बटलर बाईंनी, मुक्तिफौजेच्या लोकांनी आणि डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने जिवाचे रान केले, तेव्हा त्या वर्षी ते सोळा झाले. स्टेडना त्या पायी तुरुंगही भोगावा लागला. आणि इंग्लंडात मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय तर १९२९ पर्यंत बाराच होते.

आपल्याच ख्रिस्ती विवाह कायद्याचे पाहा. १८७२ साली तो झाला तेव्हा देशी ख्रिस्ती वधूने तेरा वर्षे व वराने सोळा वर्षे ओलांडलेली असली म्हणजे पुरे होते. अठरा व एकवीस ही अट १९७८ नंतरची. म्हणून या प्रश्नात आपण कोणाकडे बोट दाखवू नये. लेकरांच्या बाबतीत सर्वच समाज उशिरा जागे झाले, आणि त्यांत आपलाही समाज आहे.

३. लेकराचे ‘हो’ कायदा का मानीत नाही?

त्या शिक्षिकेचा प्रश्न असा होता : मुलीनेच हो म्हटले असेल तर?

पंधरा वर्षांच्या मुलीने घराच्या कागदावर सही केली तर ते घर विकले जात नाही. तिला मत देता येत नाही. तिची समजूत कमी असते म्हणून हे नियम केले असे नाही. पुष्कळ मुली आईबापांपेक्षा शहाण्या असतात. पण समोरचा मनुष्य मोठा असला, त्याच्या हाती पैसा, मान किंवा अधिकार असला, म्हणजे लहान माणसाला खऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला किंमत कसली? गायनवर्गाचा शिक्षक मुलीची स्तुती करतो, नाताळच्या कार्यक्रमात तिला पुढे उभी करतो, घरी सोडायला जातो, लहानसहान भेटी देतो. मग एके दिवशी जे घडते त्याला ती ‘प्रेम’ म्हणते, कारण तिच्यापाशी दुसरा शब्द नसतो. कधी तीच उलट त्याचा बचाव करते.

म्हणून कायद्याने ‘तिने हो म्हटले का?’ हा प्रश्नच बाजूला ठेवला आहे. तो मोठ्या माणसाला विचारतो, “ती लहान आहे हे तुला ठाऊक होते ना?” सगळा भार मोठ्याच्या खांद्यावर टाकला आहे. हे ओझे लेकराच्या पाठीवरून काढून घेणे हाच या कायद्याचा गाभा आहे.

प्रभू येशूने शिष्यांच्या मध्ये एका बालकाला उभे केले तेव्हा हेच केले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात लहानातील एकाला अडखळवणाऱ्याविषयी प्रभूने जे कठोर उद्गार काढले ते सर्वांना पाठ आहेत. तेथे त्याने बालकाला एकही दोष दिलेला नाही. इशारा सगळा मोठ्यांना आहे.

४. तामारेच्या घरातील माणसे

आता २ शमुवेल १३ हा अध्याय काढा. हा अध्याय शब्बाथ शाळेत सहसा शिकवला जात नाही. लहान मुलांना तो शिकवूही नये. पण शिक्षकांनी व पंचांनी तो एकत्र बसून वाचावा. तामारेचे वय शास्त्र सांगत नाही. तिने ‘नाही’ म्हटले, कारणे सांगितली, विनवण्या केल्या, हे मात्र स्पष्ट सांगते. तिच्या भोवतालची माणसे एकेक करून पाहू.

योनादाब हा घरातलाच हुशार मनुष्य. त्याने युक्ती सांगितली. अम्नोन हा सावत्र भाऊ. त्याने आजाराचे सोंग घेतले. दावीद बाप आणि राजा. त्याने काही चौकशी न करता मुलीला अम्नोनाच्या घरी पाठवले. चाकर हुकमाप्रमाणे बाहेर गेले, आणि पुढे हुकमाप्रमाणेच त्यांनी तिला बाहेर घालवून दार लावले. सख्खा भाऊ अबशालोम याने तिला घरात आसरा दिला खरा, पण बोलायची बंदी केली; तो तुझा भाऊच आहे, गप्प राहा, असा त्याचा सल्ला. आणि दाविदाला हे कळले तेव्हा तो फार संतापला. पुढे त्याने काय केले? काहीच नाही.

त्या मंडळीत “गवगवा नको” म्हणणारे पंच वाईट माणसे नव्हती. त्यांतल्या काहींना रागही आला होता. पण दाविदाचा राग तामारेच्या काही उपयोगी पडला नाही. ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, आणि दोन वर्षांनी त्या दाबून ठेवलेल्या गोष्टीतून खून झाला. घरातली गोष्ट घरात मिटवली असे आपण म्हणतो. ती मिटत नाही, मुलीच्या आत जाऊन राहते.

५. आजचा कायदा आपल्याकडून काय मागतो?

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जातो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. शिक्षकांनी व पंचांनी त्यातील पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

(अ) अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे. मुलगे व मुली दोघांनाही हे संरक्षण आहे. मुलग्यांवर असे प्रसंग येत नाहीत ही समजूत चुकीची आहे.

(आ) असा गुन्हा घडल्याचे, किंवा घडण्याचा संभव असल्याचे, ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना खबर दिलीच पाहिजे (कलम १९). पुरावा गोळा करणे आपले काम नाही. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही. उलट खबर न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत (कलम २१).

(इ) शिक्षणसंस्थेतील किंवा धार्मिक संस्थेतील व्यवस्थापकाने अथवा कर्मचाऱ्याने त्या संस्थेतील बालकावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. नातेवाइकाने केला तरीही तसेच.

(ई) मुलीला पोलीस ठाण्यात खेचत नेतील ही पुष्कळांना भीती असते. कायदा सांगतो की जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा. शक्यतो स्त्री-अधिकाऱ्याने घ्यावा. अधिकारी गणवेशात नसावा. आईवडील किंवा बालकाच्या विश्वासाचे माणूस जवळ असावे. आणि बालकाला रात्री ठाण्यात ठेवू नये. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री-डॉक्टरने करावी. कोर्टात बालकाला आरोपीसमोर उभे करू नये. बालकाचे नाव छापण्यास मनाई आहे.

(उ) लग्न लावून दिल्याने गुन्हा पुसला जात नाही. शिवाय अठरा वर्षांखालील मुलीचे किंवा एकवीस वर्षांखालील मुलाचे लग्न लावणाऱ्याला २००६ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात पाळकही आले. बेळगाव भागातील आपल्या मंडळ्यांनी लक्षात घ्यावे की कर्नाटकात असा विवाह मुळातच रद्दबातल ठरतो. गोव्यात मुलांसाठी २००३ चा स्वतंत्र कायदाही आहे.

६. एक अवघड प्रश्न

येथे एक प्रामाणिक शंका येते. सतरा वर्षांची मुलगी व अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा एकमेकांवर प्रेम करतात, पळून जातात. मुलीचा बाप जातीच्या किंवा मानाच्या रागाने तक्रार करतो आणि मुलगा तुरुंगात जातो. असे खटले पुष्कळ होतात. आपल्या कायद्यात जवळच्या वयाच्या मुलांसाठी सवलत नाही. काही न्यायालयांनी याविषयी चिंता व्यक्त केली. २०२३ साली विधी आयोगाने या प्रश्नाचा विचार करून वय अठरावरून खाली आणू नये असे मत दिले. मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या काही खटल्यांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत तारतम्य वापरता यावे असे सुचवले.

आम्हांला वाटते, या प्रश्नात मंडळीने दोन गोष्टी सांभाळाव्या. तरुणांशी या विषयावर मोकळेपणाने व वेळेवर बोलावे. त्यांना कायदा माहीत असावा. आणि दोन तरुणांच्या चुकीचे उदाहरण पुढे करून तिशीतल्या माणसाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालू नये. या दोन गोष्टी एक नाहीत, हे लहान मुलालाही कळते.

७. मंडळीने काय करावे?

मूल सांगू लागले की ऐकावे. “तू तिथे गेलीसच का?” हा प्रश्न गिळून टाकावा. “तू मला सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझा दोष नाही,” एवढे म्हणावे. कोणाला सांगणार नाही असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

त्याच दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या मोफत क्रमांकावर फोन करावा, किंवा पोलीस ठाण्यात खबर द्यावी. पंचांची सभा भरेपर्यंत थांबू नये. आरोप असलेल्या माणसाला बोलावून मुलीसमोर उभे करू नये. चौकशी पुरी होईपर्यंत त्याच्याकडे मुलांचे कोणतेही काम ठेवू नये, मग तो कितीही मानाचा असो.

शब्बाथ शाळेत, शिबिरात, गायनवर्गात एका मोठ्या माणसाने एकट्याने मुलांना बंद खोलीत घेऊ नये. दोन मोठी माणसे असावी. नव्या कार्यकर्त्याची आधीच्या मंडळीकडे चौकशी करावी. आणि मुलीच्या घरच्यांजवळ कोणी तरी बसावे. महिला मंडळाने हे काम हाती घ्यावे.

त्या शिक्षिकेचे पुढे काय झाले हे सांगून संपवतो. आठवड्याने आम्ही धीर करून त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “तुमची वाट पाहिली नाही. सोमवारीच १०९८ ला कळवलं.” आम्ही गप्प झालो. ती खबर देणे कायद्याने आमच्यावरही बंधनकारक होते, आणि आम्ही गाडीची वेळ पाहत होतो. मंडळीतील काही कुटुंबे पुढे कित्येक महिने त्या बाईंशी बोलली नाहीत. मुलीला आजीकडे दुसऱ्या गावी जावे लागले. तिने दहावीची परीक्षा तेथून दिली. नाताळला तिने बाईंना कार्ड पाठवले. त्यात फक्त तिचे नाव होते. बाईंनी ते आपल्या शास्त्रात ठेवले आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. रखमाबाई ‘नाही’ म्हणू शकल्या. फुलमणीला ते शक्य नव्हते. दोघींच्या परिस्थितीत काय फरक होता?

२. २ शमुवेल १३ मधील कोणत्या व्यक्तीच्या जागी आपली मंडळी आपल्याला दिसते?

३. “गवगवा नको” असे आपण म्हणतो तेव्हा आपण कोणाची अब्रू वाचवत असतो?

४. आपल्या शब्बाथ शाळेत एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल तर ते कोणाला सांगेल? त्या व्यक्तीचे नाव मुलांना माहीत आहे काय?

५. आपल्या पंच कमिटीने मुलांच्या संरक्षणाचे नियम लिहून ठेवले आहेत काय? नसल्यास पुढील सभेत हा विषय कोण मांडील?